मारुती ८०० इलेक्ट्रिक केली, घाटात ठप्प होतीय. करंट लिमिट कमी केली तर रेंज वाढंल का?

घाटकरी_८००

राम राम मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज अडलंय म्हणून लिहायलोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

वडिलांची मारुती ८०० होती, इंजिन पेट्रोलपेक्षा ऑइल जास्त प्यायला लागलं, विकायला काढली तर भंगारवाल्याच्या भावात मागायलेत, आणि वडिलांचा जीव तिच्यात, मग मागच्या दिवाळीनंतर इलेक्ट्रिक किट बसवून घेतलं. ७२ व्होल्टची पीएमएसएम (कायमच्या चुंबकाची) मोटर, १० किलोवॅट. बॅटरी एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटची, २४ सेल, १५० एएच (अँपिअर-तास). कंट्रोलर बॅटरीतून २०० अँपिअरपर्यंत ओढतो असं किटवाल्यानं सांगितलं. गिअरबॉक्स आणि क्लच जुनाच हाय. एसी नाही. आरटीओचं सगळं झालंय, आरसीवर इलेक्ट्रिक चढलंय, तेव्हा तो विषय नको.

रोजचं अंबाजोगाई ते परळी आणि परत, ५० किलोमीटर धरा. आम्ही तिघं जण असतो, पेट्रोलचे पैसे वाटून घ्यायचो तसे आता लाइटबिलाचे घेतो. सकाळी घाट उतरायचा, संध्याकाळी चढायचा.

आता रडगाणं. किटवाला म्हणला होता १०० किलोमीटर. मला ६२ मिळायलेत, एकदा तर ५८ लाच बसली. त्याचं एवढं वाईट नाही, माणूस बोलताना दहा-वीस वाढवून बोलतोच. खरा ताप म्हणजे संध्याकाळी घाटात चांगली ४५-५० नं चढत असती आणि मधीच एकदम मेल्यासारखी बंद. आवाज नाही काही नाही. मीटरवर बॅटरी ४० टक्के दाखवती. चावी बंद करून दोन मिनिटं थांबलं की परत चालू. मागं उसाची ट्रॉली, ट्रॉलीमागं एसटी, एसटीतले लोक खिडकीतून डोकं काढून बघायलेत, काय सांगू तुम्हाला. हळू चढवली की मात्र नाही होत, हे पण सांगून ठेवतो.

दुसरं म्हणजे पायडल. जरा पाय ठेवला की गाडी दावं तोडलेल्या गोऱ्ह्यासारखी उडी मारती. मागं बसणारे सर रोज शिव्या घालायलेत.

इथला एक जण म्हणतो लॅपटॉप लावून लिमिट २०० वरून ११० करून देतो, ट्रिप (हे मधीच बंद पडणं) पण थांबंल आणि रेंज पण ८५-९० वर जाईल, पंधराशे रुपये द्या. खरंच जाईल का? का नुसतेच पंधराशे जातील?

---

जालना_गॅरेज

भाऊ डोळे झाकून १०० वर आणा. माझ्याकडं मालवाहू तीनचाकी हाय, स्टीलच्या कारखान्याला माल नेणारी, तिची लिमिट कमी केली तर एका चार्जला १५ किलोमीटर जास्त निघायली. साधी गोष्ट हाय, नळ बारीक सोडला की टाकी जास्त वेळ पुरती.

---

उदगीरकर

मी हा खेळ पाच वर्षं आधी खेळलेलो माणूस. ओम्नी होती, तिच्यात इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर बॅटऱ्या टाकल्या, १५० एएच च्या सहा. नुसतं बॅटरीचंच वजन तीनशे किलोच्या वर. हिशोबानं १०.८ युनिट, आणि गाडी चालायची किती? तीस किलोमीटर. लई डोकं खाल्लं तेव्हा कुणीतरी समजावलं की लेड अ‍ॅसिडवर जे १५० एएच लिहिलेलं असतं ते वीस तासात हळूहळू संपवली तर. घरातले दोन पंखे आणि टीव्ही चालवायचा हिशोब तो. तुम्ही १०० अँपिअरनं ओढलं की त्यातलं निम्मंच हाताला लागतं, बाकी आतच राहतं. त्यामुळं आमच्या टायमाला लिमिट कमी केली की रेंज खरंच वाढायची, जालनावाले काही खोटं बोलत नाहीत.

पण तुमची एलएफपी हाय. तिच्यात ही भानगड फार थोडी. १५० एएच च्या सेलमधून १५० अँपिअर काढले तरी जवळपास सगळं देती. म्हणून जुना नुस्खा तुम्हाला कितपत लागू पडंल मला शंका हाय.

---

पेट्रोलच_बरं

एवढ्या उचापतीपेक्षा सीएनजी बसवली असती तर? 😄

---

घाटकरी_८००

@पेट्रोलच_बरं आमच्याकडं सीएनजीच्या पंपावर दोन-दोन तास लाइनीत उभं राहायला तुम्ही येता का मग.

---

गणिताचे_मास्तर

नांदेडहून. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो, आणि हा प्रश्न मुलांना घालावा इतका सुंदर आहे, म्हणून जरा लांबण लावतो, कंटाळा आला तर सोडून द्या.

आधी जालनावाल्या भाऊंचा नळ. नळ बारीक केला की टाकी जास्त *वेळ* पुरते, बरोबर. पण आपल्याला वेळ नको, किलोमीटर पाहिजेत. गाडीला एक किलोमीटर ढकलायला किती जोर लावावा लागतो त्यावर खर्च ठरतो, आणि तो जोर लिमिटवर ठरत नाही, वेगावर, वजनावर आणि चढावर ठरतो.

तुमची गाडी माणसांसकट साधारण ९४० किलो धरली. टायर जमिनीवर लोळण्याचा विरोध जवळजवळ ११० न्यूटन, तो वेग वाढला तरी फारसा बदलत नाही. हवेचा विरोध मात्र वेगाच्या वर्गानं वाढतो. ८०० ही काही बाणासारखी गाडी नाही, चौकोनी डबी आहे. ताशी ५५ ला हवा ९० न्यूटन मागते, ७५ ला १७०. मोटर, कंट्रोलर, गिअरबॉक्स सगळं मिळून बॅटरीतल्या शंभरातले ७५ चाकापर्यंत पोचतात असं धरलं तर सपाट रस्त्यावर ५५ च्या वेगाला किलोमीटरला ७४ वॅट-तास लागतात आणि ७५ च्या वेगाला १०४. फक्त वीस किलोमीटरचा वेग वाढला आणि खर्च चाळीस टक्क्यांनी वाढला. तुम्ही सपाटीला किती नं पळवता ते लिहिलेलं नाही, पण सकाळी उशीर झाला की ७५-८० ला जात असणार असा माझा अंदाज.

आता आपल्याकडची खास गोष्ट, गतिरोधक. ९४० किलोची गाडी ६० च्या वेगाला नेली की तिच्यात जी ऊर्जा भरली जाते ती बॅटरीच्या हिशोबात ५० वॅट-तास होते. म्हणजे प्रत्येक वेळी पूर्ण थांबून परत साठ गाठली की सपाट रस्त्यावरचे सहाशे-सातशे मीटर गेले. जाता-येता पंचवीस ठिकाणी असं झालं तर सव्वा युनिट नुसतं ब्रेकपायी गेलं. गाव आलं की दोनशे मीटर आधी पाय काढायचा आणि गाडी आपोआप हळू होऊ द्यायची, हा एवढा एकच बदल करून बघा.

घाटाचं उलटं आहे, लोक त्याला उगाच घाबरतात. प्रत्येक १०० मीटर उंचीला तुमच्या गाडीचे ०.३५ युनिट जातात. फोनमध्ये उंची दाखवणारं अ‍ॅप असतं, घाटाच्या खाली आणि वर बघा, वजाबाकी करा. दोनशे मीटर जरी निघाले तरी ०.७ युनिट, साडेअकरा युनिटच्या बॅटरीत ते काही प्राणघातक नाही. सकाळी उतरताना रिजन (उतारावर मोटरच जनरेटर होऊन बॅटरी भरते ते) चालू असेल तर थोडं परतही येतं, पण घरून फुल चार्ज करून निघत असाल तर भरलेल्या बॅटरीत रिजन घुसायला जागाच नसते हे ध्यानात ठेवा.

आणि मूळ प्रश्न. पाच टक्के चढाला ५० च्या वेगानं चढलात तर बॅटरीतून साधारण १५५ अँपिअर, ३५ नं चढलात तर १०० च्या आसपास. पण घाट संपेपर्यंतचा एकूण खर्च दोन्हीत पाच-सात टक्क्यांच्या फरकानं सारखाच. कारण हळू गेलात तर कमी अँपिअर, पण जास्त वेळ. त्यामुळे लिमिट ११० केल्यानं घाटात रेंज वाढणार नाही, फक्त तुमची गाडी ३५ च्या वर चढणार नाही. पंधराशे रुपयांत हे काम उजवा पाय फुकट करतो.

---

वाळूज_सर्किट

मास्तर एकदम बरोबर, मी फक्त त्यांच्या पुढचं बोलतो. मी वाळूज एमआयडीसीत पॉवर इलेक्ट्रॉनिक्सवरच काम करतो.

मला रेंजपेक्षा ते ट्रिप जास्त खटकायलंय. तुम्ही जे लिहिलंय ते परत वाचा: ५० नं चढलं की बंद, हळू चढलं की नाही. दोन मिनिटांनी परत चालू. मीटरवर ४० टक्के. १५० एएच च्या पॅकला १५० अँपिअर म्हणजे काहीच नाही, तेवढ्यावर चांगला पॅक झोपत नाही. म्हणजे बीएमएसला (बॅटरीतल्या प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट) कुठल्यातरी एका सेलचा व्होल्टेज २.५ च्या खाली गेलेला दिसतोय आणि तो सगळं तोडायलाय. आता तो सेल खरंच मेलेला आहे का जोड ढिला आहे हे बघायचंय. हे न बघता लिमिट कमी केली तर ट्रिप नक्की बंद होईल, तो लॅपटॉपवाला खोटं बोलत नाही, पण दुखणं तिथंच राहील आणि तुम्हाला कळणारच नाही. ताप आला म्हणून थर्मामीटर फोडल्यासारखं.

हिशोब बघा. दोन सेल जोडणाऱ्या एखाद्या पट्टीचा जोड खराब होऊन तिथं ५ मिलिओहम रेझिस्टन्स आला, तर १५० अँपिअरला तिथं पाऊण व्होल्ट पडतो. बीएमएसची सेन्स वायर (व्होल्टेज मोजणारी तार) त्या जोडाच्या पलीकडं असेल तर त्याला वाटतं सेलच ३.२ वरून २.४५ वर आला. आणि त्या जोडावर तेव्हा ११२ वॅट उष्णता तयार होतीय. शंभरचा जुना पिवळा बल्ब आठवा, तो तुमच्या मागच्या सीटखाली, बॅटरीच्या खोक्यात पेटलाय असं समजा. हे रेंजचं प्रकरण नाही भाऊ, हे आधी बघायचं प्रकरण आहे.

बीएमएसला ब्ल्यूटूथ असेल तर फोनवर चोवीस सेलचे आकडे दिसतात. शेजारी माणूस बसवा, त्याला फोन द्या, घाटात चढताना आकडे बघू द्या आणि स्क्रीन रेकॉर्डिंग चालू ठेवा. दोन गोष्टी सांगा: गाडी उभी असताना सगळे सेल सारखे आहेत का, आणि पाय काढला की पडलेला सेल लगेच वर येतो का हळूहळू. लगेच आला तर जोड. हळूहळू आला, आणि चार्जिंग संपतानाही तोच सेल सगळ्यांच्या पुढं पळत असेल तर सेल.

मीटरचं ४० टक्के विसरा. व्होल्टेजवर चालणारा मीटर एलएफपीला काडीचा कामाचा नाही, ऐंशी टक्के ते वीस टक्के या सगळ्या पट्ट्यात सेल ३.२-३.३ च्या मध्येच फिरतो. शंटवाला मीटर लावा, जो गेलेले आणि आलेले अँपिअर-तास मोजतो. इलेक्ट्रिकमध्ये खरा पेट्रोलचा काटा तोच.

आता पायडलची उडी. तुमचा कंट्रोलर बहुतेक स्पीड मोडवर आहे. पायडलमध्ये हॉल सेन्सर असतो, पाय किती दाबला ते चुंबकावरून ओळखणारा, साधारण पाऊण-एक व्होल्टपासून सव्वाचारपर्यंत देतो. स्पीड मोडमध्ये तुम्ही थोडं दाबलं की कंट्रोलर समजतो 'मालकाला इतके आरपीएम पाहिजेत', आणि तिथं पोचायला असेल नसेल तेवढा सगळा करंट ओततो. पोचला की एकदम सोडतो. सारखं ओत-सोड, ओत-सोड. टॉर्क मोडमध्ये तेच पायडल करंट ठरवतं, जेवढं दाबाल तेवढीच ओढ, पेट्रोल गाडीसारखं. त्यात रॅम्प टाइम थोडा वाढवा, शून्यावरून पूर्ण करंटला जायला दीडेक सेकंद, म्हणजे उडी जाते. लॅपटॉपवाल्याला पैसे द्यायचेच असतील तर या कामाचे द्या.

अजून एक, लोकांचा कायम घोळ होतो म्हणून. बॅटरी करंट वेगळा आणि मोटरचा फेज करंट, म्हणजे मोटरच्या तारांतून जाणारा, वेगळा. कंट्रोलर म्हणजे काही रेग्युलेटरसारखं वीज जाळून कमी करणारं यंत्र नाही, तो सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून व्होल्टेज कमी आणि करंट जास्त करून मोटरला देतो. सुटताना बॅटरीतून ४० जात असतील तेव्हा मोटरमध्ये २०० पण असू शकतात. बॅटरीच्या लिमिटला हात लावला तरी मोटर तापायची ती तापतेच, तिच्यासाठी फेज लिमिट वेगळी असते. आणि लिमिट *वाढवायचा* मोह झाला तर थांबा, एआयएस-१२३ (गाडीला इलेक्ट्रिक किट बसवायचे सरकारी नियम) खाली किट मंजूर होताना जी पॉवर लिहिलेली असते तिच्या वर जायचं नसतं.

---

रिवाइंडिंग_लातूर

वाळूजवाले सर म्हणले त्यात एक भर, घाटात गिअर कुठला टाकता? बरेच जण इलेक्ट्रिक हाय म्हणून तिसऱ्यातच ठेवतात, 'मोटर ओढती की'. ओढती, पण तिसऱ्यात दुसऱ्यापेक्षा दीडपट करंट लागतो वायंडिंगमधून, आणि तापणं करंटच्या वर्गानं, म्हणजे सव्वादोन पट. माझ्याकडं जळून आलेल्या मोटरींचा वास घेऊन सांगतो, निम्म्या जास्त गिअरात चढवून मेलेल्या असतात. घाट लागला की दुसरा. मोटर तिच्या ठरलेल्या आरपीएमच्या आत जोरात फिरली तर तिला काही होत नाही, पिस्टन थोडाच हाय आत.

आणि गाडी जॅकवर चढवून चारही चाकं हातानं फिरवून बघा. जुनी ८००, मागचे ड्रम आणि हँडब्रेकची केबल धरून बसलेली असती बहुतेक वेळा. पेट्रोलवर कळत नाही, इलेक्ट्रिकवर दहा किलोमीटर खाती.

---

घाटकरी_८००

मंडळी, दोन दिवस लागले पण केलं सगळं. मागं बसणारे सर फोन धरून बसले होते, तेच सांगायलेत मला एक-एक.

उभी असताना सगळे २४ सेल ३.२७, एखाद-दुसरा ३.२६. घाटात ५० च्या आसपास, करंट १४८ दाखवायला, सगळे ३.१३ ला आणि १७ नंबर खाली खाली खाली, २.७, २.६, २.४८ आणि ठप्प. पाय काढला, म्हणजे काढायची गरजच नाही पडली, बंदच झाली, की लगेच ३.२६. डोळ्याची पापणी लवायच्या आत. चार्जिंग संपताना पण १७ नंबर सगळ्यांच्या बरोबरीनंच वर गेला.

म्हणजे जोड ना?

---

वाळूज_सर्किट

जोड. शंभर टक्के जोड. सीट उचला, पण आज घाई करू नका, आधी लातूरकरांना पद्धत विचारा. आणि उघडेपर्यंत ती गाडी घाटात ३० च्या वर नेऊ नका.

---

रिवाइंडिंग_लातूर

अंगठी, कडं, घड्याळ, गळ्यातली चेन आधी काढून खिशात. चावी बंद, मेन फ्यूज काढून खिशात, म्हणजे दुसरा कुणी लावणार नाही. चोवीस सेल फुल चार्जला ८७ व्होल्ट डीसी असतात, ४४० सारखं फेकत नाही पण पाना दोन्हीकडं टेकला तर वेल्डिंगसारखा चिकटतो आणि तोंडावर ठिणग्या. पान्याला शेवटचं टोक सोडून सगळीकडं टेप गुंडाळा, दोन थर.

१७ च्या दोन्ही बाजूच्या पट्ट्या खोला. सेलचं टर्मिनल अ‍ॅल्युमिनियमचं असतं, त्याच्यावर पांढरट थर येतो तो वीज अडवतो. बारीक पॉलिश पेपरनं टर्मिनल आणि पट्टीची खालची बाजू हलक्या हातानं घासा, कोरड्या फडक्यानं पुसा, लगेच बसवा, उद्यावर ठेवू नका. टॉर्क पान्यानंच आवळा, सेलच्या कागदावर जेवढं लिहिलंय तेवढंच. हाताच्या अंदाजानं आवळलं की आटे निघतात, आणि आटे निघाले की सेलच गेला. एकाचा जोड ढिला निघाला म्हणजे बाकीचे तेवीस पण तपासा, बसवणारा माणूस एकच होता ना.

---

घाटकरी_८००

रविवारी उघडलं. १७ आणि १८ मधली पट्टी काळी-निळी पडलेली, तिच्याखालचा प्लॅस्टिकचा तुकडा थोडा वितळलेला. नट बोटानं फिरला. बोटानं. आई बघत होती बाजूला उभी राहून, ती म्हणली या खोक्यावर बसून तुम्ही तिघं रोज जाता का? मी काही बोललो नाही.

आणखी दोन नट ढिले निघाले, ५ आणि २२. सगळे साफ करून टॉर्क पान्यानं आवळले, पाना परळीत एका ट्रॅक्टरच्या गॅरेजवाल्याकडून मागून आणला. किटवाल्याला फोन केला तर म्हणला प्रवासात हलतात, दर तीन महिन्याला बघायचे असतात. हे दिवाळीत सांगायला काय झालं होतं. असो.

जॅकवर चढवली तर मागचं डावं चाक हातानं अर्धी चक्कर पण फिरंना. हँडब्रेकची केबल आतून गंजलेली, नवीन टाकली, ड्रम साफ केला. टायरमध्ये २२ हवा होती चारही, ती ३० केली.

लॅपटॉपवाल्याकडं गेलो, त्याला म्हणलं लिमिट राहू द्या, टॉर्क मोड करा आणि रॅम्प वाढवा. तो आधी तयार नव्हता, मग म्हणला बरं. पंधराशेचे सातशे घेतले. खरंच स्पीड मोडवर होता. आता पहिल्यांदा गाडी गाडीसारखी चालायली, मागचे सर झोपले परवा, पहिल्यांदा.

आकडे सांगतो. चार्जरला छोटा मीटर लावलाय. आधी ५० किलोमीटरला भिंतीतून ७.७ युनिट जायचे, आता ६.२ ते ६.३. सपाटीला ५५-६० च्या वर नेत नाही, घाटात दुसरा गिअर. शंट मीटर मागवला, तो लावल्यावर रविवारी मुद्दाम लांब नेली, ८४ किलोमीटर फिरून घरी आलो तेव्हा २० टक्के बाकी होती, अजून फिरवायची हिंमत नाही झाली. घाटात १५० अँपिअरला १७ नंबर आता बाकीच्यांच्या सोबत ३.१२ ला.

---

गणिताचे_मास्तर

७.७ वरून ६.२. चार्जरमधले नुकसान वजा केलं तर किलोमीटरला १३५ वॅट-तासांवरून ११० च्या आत आलात. माझ्या वहीतला हिशोब याच्या इतक्या जवळ येईल असं खरं सांगतो मला वाटलं नव्हतं. घाटाची उंची मोजली का?

---

घाटकरी_८००

नाही सर, विसरलो 😅 उद्या नक्की.

---

जालना_गॅरेज

चांगलं झालं भाऊ. मी पण विचार करायलो दोन दिवस, माझ्या तीनचाकीची रेंज मग कामून वाढली? काल ड्रायव्हरला बसवून विचारलं. तो म्हणला, आधी रिकामी असली की मी फुल पळवायचो, लिमिट लावल्यापासून पळतच नाही तर काय करू. म्हणजे लिमिट बॅटरीला नव्हती लागली, त्याच्या पायाला लागली. तरी माझं म्हणणं आहे, दुसऱ्याच्या हातात गाडी द्यायची असंल तर लिमिट लावूनच द्यावी. स्वतः चालवणाऱ्याचं वेगळं.

---

वाळूज_सर्किट

@जालना_गॅरेज हे बरोबर. भाड्यानं देणाऱ्यांसाठी लिमिट पाहिजेच.

@घाटकरी_८०० शक्य असेल तर लिमिट २०० ऐवजी १६० करून ठेवा. रेंजसाठी नाही, तुमचा बीएमएस सलग १५० चा असेल तर त्याच्यावर उगाच ताण नको म्हणून. आणि दर महिन्याला एकदा घाटात ती स्क्रीन रेकॉर्डिंग करत जा. एखादा सेल इतरांपेक्षा ०.१ नं जरी जास्त पडायला लागला की सीट उचला, ट्रिप होईपर्यंत थांबू नका.

---

घाटकरी_८००

करतो. आता एक शेवटचं, मग त्रास देत नाही. उन्हाळा तोंडावर आलाय, एप्रिल-मेमध्ये इथं ४२-४३ जातं. परळीत गाडी दिवसभर पत्र्याच्या शेडमध्ये उभी असती, आणि मी घरी आल्या आल्या चार्जिंगला लावतो. चालंल का?

---

रिवाइंडिंग_लातूर

नाही चालणार. पत्र्याखाली तर उन्हापेक्षा वाईट, भट्टी असती ती. एलएफपी चार्ज करताना सेल ४५ डिग्रीच्या खाली पाहिजे, बऱ्याच सेलच्या कागदावर हेच असतं, तुमच्या सेलचा कागद बघा. घाट चढून आलेली बॅटरी आधीच तापलेली, वरून चार्जर लावला की बीएमएस एकतर बंद करील नाहीतर सेलचं आयुष्य खाईल. जेवण करा, बाजेवर बसा, अकरा वाजता लावा. सकाळी सहापर्यंत होती का फुल?

---

घाटकरी_८००

२० अँपिअरचा चार्जर हाय. ५० किलोमीटरचं साडेतीन तासात भरतं, म्हणजे अकराला लावून आरामात होईल, मधी लाइट गेली तरी. शेडच्या बाजूला लिंबाचं झाड हाय, तिथं लावीन दिवसा.

---

पेट्रोलच_बरं

लिंबाखाली कावळे बघा फक्त. आणि किटचा एकूण खर्च सांगा ना, माझी पण ८०० पडूनच आहे.

---

घाटकरी_८००

@पेट्रोलच_बरं 😂 सांगतो, इनबॉक्सला या.